पोट कमी करायचंय: मशीनने की ऑपरेशनने?

“मॅडम, एवढंच सांगा, मशीनने होईल का ऑपरेशनच करावं लागेल?”

लातूरला समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न आता वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक दोन ठिकाणी जाऊन आलेले असतात. एका ठिकाणी मशीन होतं, तिथे मशीन सुचवलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी ऑपरेशन थिएटर होतं, तिथे ऑपरेशन. दोन्हीकडचे फोटो मोबाइलमध्ये असतात, दोन्हीकडचे आकडे पर्समधल्या चिठ्ठीवर, आणि निर्णय काही होत नाही. मग ओळखीचं कुणीतरी म्हणतं, एकदा जाऊन बोल तरी. मी डॉक्टर नाही, चरबी कशाने काढायची हे मी ठरवत नाही. पण ते ठरण्याआधी त्या पोटाबद्दल आणि त्या माणसाबद्दल जे विचारायला हवं, ते पुष्कळदा कुणी विचारलेलंच नसतं.

उदगीर भागातल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. नाव देत नाही. शाळेत मुलं त्यांना बाई म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

बाई चाळिशीच्या अलीकडच्या. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझेरियन. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. चेहरा, हातपाय बेताचे, सगळा भार पोटावर. “मी खात नाही हो काही. सकाळी वाटीभर सुशीला, डब्यात एक भाकरी, रात्री एक. तरी पोट कमी होईना गेलंय.”

पोट काही त्या महिन्यात सुटलं नव्हतं, धाकटा आता सहावीत आहे. मग आत्ताच का, असं विचारल्यावर एसटीचा किस्सा निघाला. उदगीर-लातूर गाडी खच्चून भरलेली. एक म्हाताऱ्या मावशी स्वतः उठल्या आणि बाईंना म्हणाल्या, “बस माय. कितवा हाय?” गाडीभर लोकांसमोर ‘तसं काही नाही’ म्हणायचा बाईंना धीर झाला नाही. “मी सहावा म्हणून सांगितलं, मॅडम. मग लातूर येईपर्यंत त्या मला काय खायचं, काय नाही ते सांगत होत्या. डिंकाच्या लाडवासकट.”

त्याच आठवड्यात त्यांनी जाहिरात बघून छत्रपती संभाजीनगरच्या एका क्लिनिकमध्ये नंबर लावला. तिथे काउंटरवरच्या मुलीने टेप लावून कंबर मोजली, ९४ सेंटिमीटर. टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. चरबी गोठवण्याच्या चार सिटिंगचं पॅकेज, आठवड्यात पैसे भरले तर सूट, नाहीतर हप्ते. दुसरीकडे पुण्याच्या एका ठिकाणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, तर तासाभरात उत्तर आलं: लायपोसक्शन, सकाळी दाखल, दुसऱ्या दिवशी घरी. घरात सासूबाईंचं म्हणणं, लेकरं झाली की पोट सुटायचंच, त्याला दवाखाना कशाला. मालकांचं, “आपल्याला काय सिनेमात काम करायचंय?” पुण्याच्या जाऊबाईंचं, “ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका ताई, मशीनने करा, जेवणाच्या सुट्टीत होऊन जातंय.” बाईंनी शिक्षक पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म भरून ठेवला होता. रकमेची जागा तेवढी कोरी होती.

मी त्यांना विचारलं, पोट सकाळी आणि संध्याकाळी सारखंच असतं का?

त्या थोडं थांबल्या. “नाही की. सकाळी बरं असतंय. शाळा सुटून घरी जाईपर्यंत फुगल्यावाणी होतं.” आणि पलंगावरून उठताना? “मध्ये उभी वरवंट्यासारखी रेघ वर येते. मला वाटलं गॅस आहे.” पोटावरची घडी चिमटीत धरली तर किती येते? खाली बरीच, वर फार नाही. हे सगळं त्यांना माहीत होतं. दोन्ही ठिकाणी कुणी विचारलं नव्हतं, आणि आडवं झोपवून पोटाला हातही लावला नव्हता.

इथे जरा शरीराबद्दल बोलावं लागेल. आपण ज्याला सरसकट ‘पोट’ म्हणतो त्यात निदान चार गोष्टी एकावर एक असतात. वर कातडी. तिच्याखाली चिमटीत येणारी चरबी. तिच्याखाली पोटाचे स्नायू, मधोमध उभ्या पट्टीने जोडलेले. आणि त्याच्याही आत, आतड्यांभोवती, लिव्हरभोवती साठलेली चरबी, जी चिमटीत येत नाही आणि पोट कडक, पुढे आलेलं दाखवते. बाळंतपणात ती मधली पट्टी ताणली जाते. काहींची नंतर पूर्ववत होते, काहींची सैल राहते आणि स्नायूंच्या दोन बाजू एकमेकींपासून लांबच राहतात. मग एखादी बाई सडपातळ असली तरी पाचवा-सहावा महिना असल्यासारखी दिसते. एसटीतल्या मावशींना जे दिसलं ते हेच असावं, असा माझा अंदाज होता. पण अंदाजावर कर्ज काढायचं नसतं.

आता मशीन काय करतं? चरबी गोठवण्याची पद्धत अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन या त्वचातज्ज्ञांनी विकसित केली. मूळ सुगावा मोठा गमतीचा आहे. गारीगार गालात धरून चोखत बसणाऱ्या लेकरांच्या गालाखालची चरबी कधीकधी सुजून विरते, कातडीला मात्र काही होत नाही, हे १९७० च्या सुमारास डॉक्टरांनी नोंदवलं होतं. म्हणजे चरबीच्या पेशी थंडीला कातडीपेक्षा लवकर मरतात. मशीनचा कप घडी आत ओढून ती साधारण पाऊण ते एक तास गोठवतो, मेलेल्या पेशी शरीर हळूहळू साफ करतं, आणि दोन-तीन महिन्यांत त्या जागेचा चरबीचा थर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये कमरेच्या बाजूंसाठी आणि पुढे २०१२ मध्ये पोटासाठी परवानगी दिली. म्हणजे ही भोंदूगिरी नाही. चार सेंटिमीटरची घडी तीनची होते, आणि तेवढंच हवं असणाऱ्या माणसाला ते पुरतं. पण कातडी लोंबत असेल तर ती तशीच राहते, आतून भरणारं काही नसल्यामुळे कधी जास्तच लोंबते. स्नायूंपर्यंत तर मशीन पोचतच नाही. कापडाची शिवण उसवली असेल तर वरून कितीही इस्त्री फिरवा, ती जुळत नाही.

आणि ‘साइड इफेक्ट शून्य’ हे जाहिरातीतलं वाक्य खरं नाही. सूज, बधिरपणा, काही दिवस ठणका, हे नेहमीचं. क्वचित उलटंच होतं: गोठवलेल्या जागची चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, घट्ट होते आणि कपाच्या आकाराचा उंचवटा बनते. लिंडा इव्हँजेलिस्टा या जगप्रसिद्ध मॉडेलने २०२१ मध्ये स्वतःच्या बाबतीत हे झाल्याचं जाहीर केलं तेव्हा जगाला कळलं. हे होणं दुर्मीळ आहे, पण झालं तर त्यावर उपाय शेवटी ऑपरेशनचाच.

लायपोसक्शनची गोष्ट वेगळी. छोट्या छिद्रातून नळी घालून कातडीखालची चरबी ओढून घेणं. आज जी पद्धत वापरतात तिचा पाया १९७० च्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये घातला गेला. पुढे १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी भुलीचं औषध आणि रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं सलाइन आधी भरून मग चरबी काढायची पद्धत आणली, त्याने रक्तस्राव खूप कमी झाला. एकाच ठिकाणी साचलेली, व्यायामाला दाद न देणारी चरबी आणि वर कातडी ताणलेली, अशा माणसाला याचा निकाल मशीनपेक्षा ठळक मिळतो. पण हेही ऑपरेशनच आहे. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, चरबीचे कण रक्तात जाणं, जंतुसंसर्ग, शरीरातल्या पाण्याचं गणित बिघडणं, हे धोके कमी असले तरी खरे आहेत. २०२२ मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका एकवीस वर्षांच्या अभिनेत्रीचा मृत्यू झाला, ती बातमी बाईंनीही वाचलेली होती. त्यांना वाटलेली भीती रास्त होती. फक्त त्या भीतीने त्यांना मशीनकडे ढकललं होतं, आणि मशीन त्यांच्या कामाचं आहे की नाही हा प्रश्न मागेच राहिला होता.

आमच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली. त्यांच्या आईला शुगर, मोठ्या भावाला शुगर. “पोट कमी झालं की माझी तरी टळेल,” हे त्यांनी सहज म्हटलं, आणि मला वाटतं कर्जाच्या फॉर्मामागे एसटीइतकीच ही भीतीही होती. मी तिथे स्पष्ट बोलते. २००४ मध्ये सॅम्युअल क्लाइन यांच्या गटाने पंधरा लठ्ठ महिलांवर केलेला अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. लायपोसक्शनने प्रत्येकीची जवळपास दहा किलो चरबी काढली. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं, तर इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, साखर, बीपी, काहीच सुधारलं नव्हतं. शुगरशी जास्त संबंध आतल्या चरबीचा, आणि तिथवर ना नळी पोचते ना कप. तिच्यावर चालणं, जेवण, झोप आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेली औषधं हाच रस्ता.

मी बाईंना दोन कामं दिली. पहिलं, शुगरची तीन महिन्यांची सरासरी तपासून फिजिशियनला दाखवणं. दुसरं, प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी केलेल्या सर्जनला प्रत्यक्ष भेटणं, आणि मला सांगितलेलं सगळं, सकाळ-संध्याकाळचा फरक, ती उभी रेघ, तसंच्या तसं सांगणं. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. नावामागे ‘कॉस्मेटॉलॉजी’चा डिप्लोमा म्हणजे सर्जन नव्हे, हे मला दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी कुणीतरी चकित होतं.

सर्जननी त्यांना झोपवलं, मान उचलायला सांगितली, बोटांनी चाचपलं आणि सोनोग्राफी करायला पाठवलं. स्नायू फाकलेले होतेच, शिवाय बेंबीपाशी छोटा हर्निया निघाला. जिथे हर्निया आहे तिथे चरबी गोठवणारा कप लावायचा नसतो. म्हणजे दोन पर्यायांपैकी जो ‘बिनधोक’ म्हणून घरच्यांना पटला होता, तोच या पोटासाठी चुकीचा होता. नुसतं लायपोसक्शन केलं असतं तर घडी पातळ झाली असती, पण फुगवटा आणि हर्निया जागच्या जागी. सर्जनचं म्हणणं: हर्नियाची दुरुस्ती, स्नायू मध्यात आणून शिवणं आणि खालची सैल कातडी काढणं, हे एकत्र. पण लगेच नाही. आधी पाच-सहा किलो वजन उतरवा, ते काही महिने तिथे टिकवा. रिपोर्टमध्ये शुगरची ती तीन महिन्यांची सरासरी ६.१ आली होती, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर.

बाई परत आल्या त्या जरा रागातच. “म्हणजे मोठंच ऑपरेशन. आणि त्याच्या आधी वजनही मीच कमी करायचं. मग ऑपरेशन कशाला?” राग बरोबर होता. मी समजूत घातली नाही. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, यावर आम्ही बोललो: हर्निया आज लहान आहे, त्रास नाही, लक्ष ठेवून थांबता येईल असं सर्जन स्वतः म्हणाले होते. फिजिओथेरपीने स्नायूंची ताकद थोडी सुधारते. पोट दिसायला मात्र फारसं बदलणार नाही. हा तिसरा पर्याय, म्हणजे काही न करण्याचा, टेबलावर ठेवायला लोक विसरतात. बाईंनी तो घरी नेला, दोनेक महिने मनात घोळवला आणि ऑपरेशन करायचं ठरवलं. एसटीत पुन्हा कुणी विचारू नये म्हणून, हे त्यांनी सरळ सांगितलं. मला त्यात काही गैर वाटत नाही. दिसण्यासाठी ऑपरेशन करणं हे काही पाप नाही. ते आजाराच्या नावाखाली लपवावं लागतं, त्याने गोंधळ होतो.

लपवण्यावरून आठवलं. सर्जनच्या फॉर्मवर ‘धूम्रपान’ समोर बाईंनी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. मी विचारलं, मिश्री लावता का? बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग, “सकाळी एकदा. आणि शाळेतून आल्यावर. मुलांना माहीत नाही.” आपल्याकडे कितीतरी बाया मिश्री लावतात आणि तिला व्यसनात धरत नाहीत, शिकलेल्या बाया तर मुळीच सांगत नाहीत. पण तंबाखू ती तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पोटाच्या या ऑपरेशनमध्ये कातडी मोठ्या भागात खालून मोकळी करून ओढून शिवतात. तिला रक्त कमी पडलं तर कड काळी पडते, जखम उकलते. म्हणून आधी निदान चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे बंद हवी. मिश्री सुटायला बाईंना वजनापेक्षा जास्त त्रास झाला. सुटायची, पुन्हा लागायची. दुपारच्या वेळेला काय करायचं हा खरा प्रश्न होता. शेवटी बडीशेप आणि शाळेतून आल्याआल्या मैदानाला फेऱ्या, यावर निभावलं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. हसू नका. या ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही. बाईंच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेव्हा टाकी, बॅरल, हंडे सगळं भरून ठेवायचं, आणि ते आजवर त्याच करत आलेल्या. हे काम कोण करणार, हे ठरल्याशिवाय तारीख घेऊ नका, असं मी म्हटलं, आणि त्यासाठी मालकांना बोलावून घेतलं. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले. सिनेमाचं वाक्य इथे काढलं नाही. हर्नियाचं ऐकून त्यांचा सूर बदलला होता. “पाणी भरतो की मी. त्यात काय.” मे महिन्याची सुट्टी सगळ्यांना सोयीची वाटत होती, पण लातूर-उदगीरच्या उन्हाळ्यात सहा आठवडे पोटाला घट्ट पट्टा बांधून बसायचं म्हणजे काय, हे सर्जननीच समजावलं. थंडीत करायचं ठरलं, वैद्यकीय रजा टाकून. मेडिक्लेममधून हर्नियाचा खर्च निघणार होता, कातडी आणि स्नायूंचा भाग कॉस्मेटिक म्हणून नाही. ‘सगळं हर्नियातच दाखवा’ असा सल्ला देणारे भेटलेच. बाईंनी बिलं वेगळी करून घेतली. पतसंस्थेच्या फॉर्मवरची कोरी जागा तेव्हा भरली गेली.

मधल्या काळात, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, त्यांना कुणीतरी मौंजारो सुचवलं. वजन उतरवणारी ही इंजेक्शनं आता भारतात मिळतात, काहींना ती खरोखर हवीही असतात, पण ती फिजिशियनने द्यायची असतात, पार्लरने नाही. बाईंच्या फिजिशियनना गरज वाटली नाही. ‘चरबी विरघळवणारी’ म्हणून पोटात टोचायची जी इंजेक्शनं कुठेकुठे विकली जातात त्यांच्यापासून मात्र लांबच राहा. त्यातल्या डीऑक्सिकोलिक ॲसिडला एफडीएची मान्यता आहे ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, पोटासाठी नव्हे.

सगळ्यांची गोष्ट ऑपरेशनकडे जात नाही. जिची लग्नाची तारीख दीड महिन्यावर आहे तिला मशीनचा निकाल फोटोत दिसणारच नाही, कारण तो दोन-तीन महिन्यांनी येतो, हे साधं गणित सांगितलं की विषय संपतो. बाळंतपण न झालेली, वजन स्थिर असलेली, कमरेच्या बाजूला चिमटीभर घडी असलेली मुलगी विचारायला आली तर मशीनचा विचार करायला हरकत नाही, असं मी म्हणते. काळजी वाटते ती वेगळ्यांची. नीटच्या तयारीसाठी लातूरला आलेला एक मुलगा छातीवर चरबी आहे म्हणून आला होता. दोन सर्जननी सांगितलं, काढण्यासारखं काही नाही. तो दिवसाचे तासन् तास आरशासमोर, दोन शर्ट एकावर एक, मित्रांकडे जाणं बंद. अशा वेळी मशीन नको, ऑपरेशनही नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा. कारण कापूनही ती खंत जात नाही, फक्त जागा बदलते.

बाईंचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण, काही दिवस नळ्या, आठवडाभर वाकून चालणं. गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, “कशाला केलं हे मी?” त्या दिवसांत असं वाटतं हे मी आधीच सांगून ठेवलेलं होतं, तरी वाटलंच. बहीण अहमदपूरहून येऊन राहिली. मालकांनी गल्लीसमोर हंडे वाहिले, त्यावर शेजारणींनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. बेंबीखालचा पट्टा अजून बधिर आहे. साडी नीट बसते. सासूबाई आता विचारतात की किती किलोचा तुकडा निघाला.

ऑपरेशनच्या आधी वजन उतरवल्यावर शुगर ६.१ वरून ५.९ वर आली होती. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासली, ५.९ च. बाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. “एवढं कापून टाकलं, तरी हे तिथंच?”

मी म्हटलं, जे कापलं त्याचा याच्याशी संबंधच नव्हता. त्यांना ते माहीत होतं, तरी विचारावंसं वाटलं. फिजिशियननी संध्याकाळच्या फेऱ्या चालूच ठेवायला सांगितल्या आहेत, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. आणि जाऊबाईंनी आता हनुवटीसाठी मशीन विचारलंय, तर बाई त्यांना आधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवून ये म्हणून मागे लागल्या आहेत.